तलावाच्या तळाशी काय साचलंय? सोलापूरच्या गाळातले जड धातू समजून घेताना

एखाद्या तलावाबद्दल शंका आली की आपण आधी पाणी तपासायला देतो. बाटली भरून प्रयोगशाळेत जाते, काही दिवसांनी कागद येतो. त्यावर शिसं, कॅडमियम, पारा यांच्यापुढे बरेचदा 'आढळलं नाही' असं लिहिलेलं असतं आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. तो कागद खोटा नसतो. पण जड धातूंचा शोध घ्यायचा असेल तर बाटलीभर पाणी ही त्याची जागाच नव्हे. धातू पाण्यात फार काळ टिकत नाहीत, ते तळाला जाऊन बसतात. म्हणून तपासायचा तो गाळ. आणि गाळाचा अहवाल वाचायचा तर आपल्या पायाखाली दगड कोणता आहे हे आधी माहीत असावं लागतं. सोलापुरात या दुसऱ्या गोष्टीवाचून सगळं गणितच उलटं होऊ शकतं. ते कसं, हेच या लेखात सांगायचं आहे.

सोलापूरला तलावांचं वरदान आहे. भुईकोट किल्ल्याच्या शेजारी सिद्धेश्वर तलाव, ज्याचा इतिहास थेट बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांपर्यंत जातो. विजापूर रस्त्यावर धर्मवीर संभाजी तलाव, ज्याला जुने लोक अजूनही कंबर तलाव म्हणतात. तुळजापूर रस्त्याला हिप्परग्याचा एकरुख तलाव, इंग्रजांच्या काळात आदिला नदीवर बांधलेला, शहराच्या काही भागाला पिण्याचं पाणी देणारा. शिवाय होटगीचा तलाव. पाऊस कमी, वर्षाला साधारण साडेपाचशे-सहाशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. अशा जिल्ह्यात साठलेल्या पाण्याचं मोल काय असतं ते इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. पण पाण्याबरोबर तलावात आणखीही बरंच काही साठत असतं.

जड धातू म्हणजे शिसं, कॅडमियम, पारा, क्रोमियम, निकेल, तांबं, जस्त ही मंडळी. आर्सेनिक काटेकोरपणे धातू नसूनही त्यांच्याच पंगतीत बसतं. यातलं तांबं आणि जस्त शरीराला थोडं हवंच असतं, जास्त झालं की बाधतं. शिसं, कॅडमियम आणि पारा यांचा मात्र शरीराला काडीचा उपयोग नाही. शिसं लहान मुलांच्या मेंदूवर घाला घालतं, कॅडमियम वर्षानुवर्षं मूत्रपिंडात साचत जातं. जपानमधल्या मिनामाता इथे १९५६ मध्ये उघडकीला आलेला आजार पाऱ्याचा होता. कारखान्याच्या सांडपाण्यातून पारा उपसागरात गेला, तिथून माशांत आणि माशांतून माणसांत. सेंद्रिय कचरा कुजतो, जंतू मरतात, पण धातू नष्ट होत नाही. तो फक्त जागा बदलतो किंवा रूप बदलतो. हे एकदा लक्षात घेतलं की पुढचं सगळं सोपं जातं.

धातू तळाला का जातो?

नाल्यातून धातू तलावात आला की त्याची गाठ मातीच्या अतिसूक्ष्म कणांशी पडते. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते, कारण तिच्यात माँटमोरिलोनाइट जातीची चिकणमाती भरपूर आहे. या मातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो, धातूचे आयन धन भाराचे. ते कणांना चिकटतात. लोह आणि मँगनीजच्या ऑक्साइडचे पातळ लेप कणांवर असतात, तेही धातू धरतात. कुजलेला पालापाचोळा, शेवाळ, निर्माल्य यांतून तयार होणारे सेंद्रिय पदार्थ तांब्याला तर घट्टच पकडतात. पाणी संथ झालं की हे कण हळूहळू खाली बसतात, आणि त्यांच्याबरोबर धातूही.

म्हणूनच पाण्यातला धातू मायक्रोग्रॅममध्ये मोजतात आणि गाळातला मिलिग्रॅममध्ये. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे दहा मायक्रोग्रॅम आहे. उलट निव्वळ स्वच्छ, कुणी हात न लावलेल्या मातीतही शिसं किलोला काही मिलिग्रॅम असतंच. गाळ हजारो पटींनी जास्त धातू साठवून बसतो आणि वरच्या पाण्यात त्याचा मागमूस दिसत नाही.

आपल्या भागातली आणखी एक गोष्ट इथे कामाला येते. इथल्या मातीत चुनखडी आहे, पाणी जड आहे, सामू (पीएच) साधारण आठच्या आसपास. अशा अल्कधर्मी पाण्यात शिसं, जस्त, कॅडमियम कार्बोनेटच्या रूपात बसून जातात, सहज विरघळत नाहीत. निसर्गाने दिलेलं हे एक कवच आहे. पण ते सगळ्यांना लागू नाही. आर्सेनिक आणि सहा संयुजेचं क्रोमियम उलट अल्कधर्मी पाण्यात जास्त मोकळं फिरतं. क्रोमियमच्या बाबतीत एक दिलासा असा की गाळातले सेंद्रिय पदार्थ त्याचं तीन संयुजेच्या, कमी घातक रूपात रूपांतर करतात आणि मग तेही खाली बसतं.

गाळ कसा काढतात

सर्वांत जास्त चुका इथेच होतात, म्हणून जरा सविस्तर. नमुना कुठून घ्यायचा हा पहिला प्रश्न. काठावर उभं राहून फावड्याने एक ढेकूळ उचललं आणि प्रयोगशाळेत दिलं, याला नमुना म्हणत नाहीत. नाला जिथे तलावात शिरतो त्याचं तोंड, विसर्जनाचा घाट, कपडे-वाहनं धुतात ती बाजू, तलावाचा मध्य, बांधाजवळचा खोल भाग, आणि जिथे कसलाच उपद्रव नाही असा एखादा कोपरा, असे वेगवेगळे ठिपके नकाशावर आधी ठरवावे लागतात. प्रत्येक ठिकाणी दोन-तीन वेळा गाळ काढून एकत्र मिसळायचा.

होडीतून दोन जबड्यांचं एक खोरं दोरीने खाली सोडतात. तळाला टेकलं की जबडे मिटतात आणि गाळाचा एक घास वर येतो. तो प्लास्टिकच्या पांढऱ्या ताटात अलगद ठेवला की बघण्यासारखा असतो. वर जेमतेम काही मिलिमीटरचा तपकिरी थर, पाण्यातल्या प्राणवायूच्या संपर्कात असलेला. त्याच्या खाली लगेच काळाभोर, गुळगुळीत, थरथरणारा गाळ. सडक्या अंड्यासारखा वास, म्हणजे हायड्रोजन सल्फाइड. खाली प्राणवायू संपलेला आहे याची ती खूण. त्यात गोगलगाईंचे शंख, कुजक्या पानांच्या शिरा, शहरातला तलाव असेल तर सुताचे तुकडे, प्लास्टिकची चिंधी, कधी रंगाचा पापुद्रा. कधी बारीक लाल अळ्याही वळवळताना दिसतात. प्रशिक्षित डोळ्याला हे ताटच अर्धी हकिगत सांगतं, आणि म्हणून रंग, वास, पोत यांची नोंद तिथल्या तिथे वहीत करायची असते.

वरचा साधारण पाच सेंटिमीटरचा थर अलीकडच्या काळाचा म्हणून वेगळा घेतात. तो उचलायला लोखंडी किंवा स्टीलचा चमचा चालत नाही, कारण त्यातलंच क्रोमियम-निकेल नमुन्यात उतरू शकतं. प्लास्टिकचा चमचा, आम्लाने धुतलेली प्लास्टिकची पिशवी किंवा डबा, बर्फाची पेटी. पुढे वाळवतात तेही मंद तापमानाला, कारण पारा बघायचा असेल तर जास्त उष्णतेने तो उडून जातो. वाळलेला काळा गाळ आक्रसतो, तडकतो आणि ढेकूळ होतो. ते अकीकाच्या खलात कुटायचं आणि नायलॉनच्या चाळणीने चाळायचं. पितळी चाळणी वापरली तर तांबं आणि जस्त फुकटचं वाढतं. चाळणी साधारण ६३ मायक्रॉनची घेतात, कारण धातू बारीक कणांनाच चिकटलेला असतो. एका ठिकाणची रेती आणि दुसऱ्या ठिकाणची चिकणमाती यांची नुसती तुलना केली तर चिकणमाती नेहमीच जास्त प्रदूषित दिसेल, मग ती प्रत्यक्षात असो वा नसो.

मग हा चाळलेला गाळ आम्लात विरघळवतात. इथे एक बारकी पण फार महत्त्वाची गोष्ट आहे. नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लाच्या मिश्रणाने, म्हणजे अम्लराजाने, खनिजाच्या गाभ्यातला सगळा धातू सुटत नाही. तो सगळा सोडवायचा तर हायड्रोफ्लोरिक आम्ल लागतं, जे हाताळायला अत्यंत धोक्याचं आहे. दोन्ही पद्धती आपापल्या जागी ठीक आहेत. मात्र आपला नमुना एका पद्धतीने विरघळवायचा आणि तुलनेचा आकडा दुसऱ्या पद्धतीचा घ्यायचा, हे चालणार नाही. शेवटी अणुशोषण वर्णपटमापी किंवा आयसीपी-एमएस यंत्रावर आकडे निघतात. सोबत एक कोरा (गाळ न घातलेला) नमुना, एक दुहेरी (तोच गाळ दोनदा तपासलेला) नमुना आणि एक प्रमाणित (धातूचं प्रमाण आधीच माहीत असलेला) नमुना चालवलेला असला पाहिजे. प्रमाणित नमुन्याचा अपेक्षित आकडा यंत्राने जवळपास बरोबर दाखवला का, हे अहवालात लिहिलेलं नसेल तर बाकीचे दशांश चिन्हापुढचे आकडे कितीही नेटके असोत, मी त्यांच्यावर विसंबणार नाही.

आकडा आला, आता तुलना कशाशी?

समजा अहवालात तांबं किलोला १५० मिलिग्रॅम आणि शिसं ४० मिलिग्रॅम आलं. (हे आकडे मी समजावण्यापुरते घेतले आहेत, कुठल्याही तलावाचे नाहीत.) १५० जास्त की कमी? हे सांगायला 'मूळचं किती असतं' ते माहीत हवं. त्या मूळच्या प्रमाणाला पार्श्वभूमी म्हणतात.

जगभरात अनेक अभ्यासक 'सरासरी शेल' नावाची एक यादी वापरतात. शेल म्हणजे चिखलापासून बनलेला खडक, आणि त्याच्या सरासरी घटकांची १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेली यादी. तिच्यात तांबं ४५, शिसं २०, जस्त ९५, क्रोमियम ९०, निकेल ६८, कॅडमियम ०.३ मिलिग्रॅम प्रति किलो असं दिलं आहे. यादी सोयीची आहे, तयार आहे, म्हणून ती शोधनिबंधांत सरसकट वापरली जाते.

पण सोलापूर शेलवर वसलेलं नाही. आपल्याखाली दख्खनचा बेसॉल्ट आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून झालेला काळा पाषाण. या पाषाणात लोह, टायटॅनियम, व्हॅनेडियम आणि तांबं मुळातच भरपूर असतं. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये तांबं किलोला १०० ते २५० मिलिग्रॅम असणं ही नेहमीची गोष्ट आहे. शिसं मात्र त्यात फार कमी, बहुधा एकेरी आकड्यातच. हाच दगड झिजून आपली काळी माती झाली, आणि तीच माती पावसाळ्यात वाहून तलावात येते.

आता तेच दोन आकडे दोन वेगवेगळ्या पार्श्वभूमींवर ठेवून बघू. गाळाच्या अभ्यासात भू-संचय निर्देशांक नावाचं एक माप प्रसिद्ध आहे. म्युलर या जर्मन शास्त्रज्ञाने ते १९६९ मध्ये मांडलं. मोजलेल्या प्रमाणाला पार्श्वभूमीच्या दीडपटीने भागायचं, आणि आलेला आकडा दोनाचा कितवा घात आहे ते काढायचं. दीडपट का, तर निसर्गातही थोडं कमीजास्त असतंच, त्याला वाव द्यायला. उत्तर शून्य किंवा त्याखाली आलं तर प्रदूषण नाही, शून्य ते एक म्हणजे किंचित, एक ते दोन म्हणजे मध्यम, असं करत पाचच्या वर अत्यंत प्रदूषित.

शेल धरला तर तांब्यासाठी १५० भागिले ६७.५, म्हणजे २.२२, निर्देशांक १.१५. मध्यम प्रदूषित. शिशासाठी ४० भागिले ३०, निर्देशांक ०.४२. किंचित. म्हणजे बातमी होणार तांब्याची, शिशाकडे कुणी बघणार नाही.

आता शेल बाजूला ठेवा आणि तलावाच्या वरच्या अंगाला, रस्ता-वस्ती-कारखान्यापासून लांब, पडीक रानातली माती तपासा. समजा तिथे तांबं १३० आणि शिसं १० आलं. तांब्यासाठी १५० भागिले १९५, निर्देशांक उणे ०.३८. प्रदूषण नाहीच, हे तांबं दगडाचं आहे. शिशासाठी ४० भागिले १५, निर्देशांक १.४२. मध्यम प्रदूषित. चित्र पूर्ण उलटलं. ज्याला आरोपी ठरवलं होतं तो निर्दोष, आणि जो निसटला होता तो खरा दोषी. गाळ तोच, यंत्र तेच, आकडेही तेच. बदलली ती फक्त पार्श्वभूमी. शिशाचा धोका मुलांना सर्वांत जास्त असतो हे लक्षात घेतलं तर ही चूक किती महाग पडू शकते ते कळेल.

म्हणून माझं ठाम मत आहे की सोलापूरच्या, खरं तर बेसॉल्टवरच्या कुठल्याही तलावाच्या अभ्यासात स्थानिक पार्श्वभूमी मोजलेली नसेल तर त्याचे निष्कर्ष अर्धवट धरावेत. हे काम अवघड नाही. पाणलोटातल्या निर्धोक जागांची माती चालते, किंवा तलावाच्या गाळात खोलवर नळी घालून सर्वांत खालचा जुना थर काढता येतो. मात्र जो तलाव अनेकदा उपसला गेला आहे त्यात थर विस्कटलेले असतात, तिथे नळीवर भरवसा ठेवू नये. न उपसलेल्या तलावात मात्र थरांचं वयही काढता येतं. शिशाचाच एक किरणोत्सारी प्रकार, शिसं-२१०, साधारण २२ वर्षांत निम्मा होतो. त्यावरून गेल्या शंभरेक वर्षांचा कालक्रम लावतात. भारतात शिसंयुक्त पेट्रोल २००० मध्ये बंद झालं. शहराजवळच्या तलावात त्या सुमाराच्या थरानंतर शिसं उतरत गेलेलं दिसलं तर त्याचा एक हिस्सा गाड्यांच्या धुराचा होता असा तर्क करता येतो.

तांब्याला सरसकट निर्दोष सोडावं असंही नाही. आपल्या जिल्ह्यात डाळिंब आहे, आणि डाळिंबावर तेल्या रोग आला की बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद आणि चुना, किंवा कॉपर ऑक्सिक्लोराइड यांच्या फवारण्या होतात. ते तांबं पावसाबरोबर ओढ्यात उतरतं. दगडाचं तांबं आणि मोरचुदाचं तांबं वेगळं ओळखायचं तर अ‍ॅल्युमिनियमशी प्रमाण बघतात. अ‍ॅल्युमिनियम माणूस सहसा तलावात टाकत नाही, ते मातीबरोबरच येतं. गाळात तांब्याचं अ‍ॅल्युमिनियमशी प्रमाण पाणलोटातल्या मातीतल्या प्रमाणाइतकंच असेल तर ते मातीतूनच आलं. दीड-दोन पटींच्या वर गेलं तर बाहेरून भर पडली आहे. याला समृद्धी गुणांक म्हणतात. बरेच जण अ‍ॅल्युमिनियमऐवजी लोह वापरतात. ते चालतं, पण बेसॉल्टच्या मातीत लोह प्रचंड असल्यामुळे तिथेही शेलचा लोहाचा आकडा घेतला तर पुन्हा तीच फसगत.

एकूण धातू आणि मोकळा धातू

दोन माणसांकडे पाच-पाचशे रुपये आहेत. एकाच्या खिशात सुटे, दुसऱ्याचे मुदत ठेवीत. बाजारात आज खर्च करू शकेल तो पहिलाच. गाळातल्या धातूचंही तसंच. बेसॉल्टच्या खनिजाच्या स्फटिकात अडकलेलं तांबं शेकडो वर्षं तिथेच राहील. मासा, अळी, पीक कुणालाच ते मिळणार नाही. पण कणाच्या पृष्ठभागावर नुसतं टेकलेलं किंवा कार्बोनेटमध्ये बसलेलं कॅडमियम पाण्याचा सामू जरा घसरला की सुटतं.

हे ओळखायला गाळ एकापाठोपाठ एक अधिकाधिक तीव्र द्रावणांनी धुतात. १९७९ मध्ये टेसियर आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या पद्धतीत पाच पायऱ्या आहेत: सहज सुटणारा, कार्बोनेटमधला, लोह-मँगनीज ऑक्साइडमधला, सेंद्रिय पदार्थ आणि सल्फाइडमधला, आणि शेवटी खनिजाच्या गाभ्यातला. माणसाने टाकलेला धातू बहुधा पहिल्या चार घरांत सापडतो, दगडाचा बव्हंशी पाचव्यात. एकूण आकडा सारखा असलेले दोन तलाव या चाचणीत एकमेकांपासून पार वेगळे निघू शकतात.

आणि ही घरं कायमची नसतात, हे दुष्काळी भागाने विशेष ध्यानात ठेवावं. तळाशी प्राणवायू नसताना कॅडमियम, शिसं, जस्त, तांबं सल्फाइडच्या रूपात बऱ्यापैकी बंदिस्त असतात. उन्हाळ्यात पाणी आटतं, काळा गाळ उघडा पडतो, त्याला भेगा पडतात, हवा आत शिरते. सल्फाइडचं ऑक्सिडीकरण होतं आणि बंदिस्त धातू मोकळा होतो. मग मृगाचा पहिला पाऊस येतो आणि तो पाण्यात उतरतो. म्हणून वर्षातून एकदाच, तेही भरल्या तलावात हिवाळ्यात नमुने घेऊन केलेला अभ्यास इथे पुरा पडत नाही. पाणी आटताना आणि पहिल्या पावसानंतर, अशा दोन वेळा तरी बघायला हवं.

मर्यादांची कोष्टकं आणि जोखमीचे आकडे

अमेरिकेत गोड्या पाण्याच्या गाळासाठी २००० मध्ये दोन पातळ्यांची एक यादी मांडली गेली. खालच्या पातळीखाली जीवांना सहसा अपाय होत नाही, वरच्या पातळीवर गेलं की अपायाची शक्यता बळावते. आपल्याकडचे अभ्यासकही तिचाच आधार घेतात. किलोला मिलिग्रॅममध्ये शिशासाठी ३५.८ आणि १२८, कॅडमियमसाठी ०.९९ आणि ४.९८, तांब्यासाठी ३१.६ आणि १४९, निकेलसाठी २२.७ आणि ४८.६. वर घेतलेलं आपलं १५० तांबं वरच्या पातळीलाही ओलांडतं, आणि तरी ते रानातल्या मातीइतकंच आहे! निकेल आणि क्रोमियमचीही आपल्या मातीत हीच गत होऊ शकते. यादी चूक नाही, ती दुसऱ्या भूमीवर तयार झाली एवढंच.

हाकनसन यांचा पर्यावरणीय जोखीम निर्देशांक १९८० चा, स्वीडनमधल्या तलावांच्या अभ्यासातून आलेला. त्यात प्रत्येक धातूला विषारीपणाचं वजन दिलं आहे: पारा ४०, कॅडमियम ३०, आर्सेनिक १०, तांबं-शिसं ५, क्रोमियम २, जस्त १. कॅडमियम ०.३ च्या जागी १.२ आलं की चारपट गुणिले ३०, म्हणजे एकट्याचे १२० गुण. इतक्या कमी प्रमाणात कॅडमियम मोजताना यंत्र जरासं चुकलं तरी संपूर्ण तलावाची श्रेणी बदलते. तेव्हा 'जोखीम जास्त' असं वाचलं की ती कुठल्या धातूमुळे, हे आधी विचारावं.

शेवटी प्रश्न जीवांचा आहे. गाळात राहणाऱ्या लाल अळ्या त्या गाळात काही दिवस वाढवून किती जगतात, तळाच्या जीवांच्या किती जाती शिल्लक आहेत, हे रसायनाच्या आकड्यांसोबत पाहिलं तरच निदान पक्कं होतं. आपल्याकडच्या माशांत मृगळ तळाशी चरतो, तर कटला वरच्या थरात. गाळाचा परिणाम बघायचा तर मृगळ तपासणं जास्त उपयोगाचं, आणि त्यातही मांसाबरोबर यकृत.

धातू येतो कुठून?

घरगुती सांडपाणी, रस्त्यावरून वाहून येणारी धूळ (टायरमधून जस्त, ब्रेकमधून तांबं), गॅरेज आणि बॅटरीची दुकानं, मुलामा देणारे छोटे कारखाने, फॉस्फेट खतांतून थोडं कॅडमियम. चादरी आणि टॉवेलच्या या शहरात रंगाईही आली. काही रंगांत तांबं किंवा क्रोमियम रेणूतच बांधलेलं असतं. आणि मूर्तींचे रंग. चकचकीत पिवळ्या-नारिंगी-लाल रंगांत शिसं आणि क्रोमियम असू शकतं; घरगुती रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम (किलोला ९० मिलिग्रॅम) करणारा नियम २०१७ पासून लागू आहे, तरी जुने आणि मोकळे विकले जाणारे रंग बाजारात असतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मूर्ती विसर्जनाबाबतच्या २०२० च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांत म्हणूनच नैसर्गिक रंग आणि कृत्रिम हौदांवर भर आहे. सिद्धेश्वराच्या पाण्याशी गावाची श्रद्धा जोडलेली आहे, गड्ड्याच्या यात्रेतला अक्षता सोहळा त्याच परिसरात होतो. त्या श्रद्धेपोटीच तरी तळात काय जातंय हे बघायला हवं असं मला मनापासून वाटतं.

उपसलेला गाळ शेतात टाकावा का?

राज्यात 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना २०१७ पासून आहे, आणि पाझर तलावांतला गाळ शेतात नेणं ही चांगलीच गोष्ट आहे. रानातून वाहून गेलेली सुपीक माती परत रानात येते. त्याबद्दल शंका घ्यायचं कारण नाही. शहराच्या नाल्याखालचा तलाव मात्र वेगळा. तिथला गाळ काळा, चिकट, खतासारखा दिसतो, शेतकरी खुशीने नेतात, आणि तो तपासलेला नसतो.

अशा वेळी आधार म्हणून खत नियंत्रण आदेशातल्या शहरी कंपोस्टच्या मर्यादा बघता येतील: किलोला शिसं १००, कॅडमियम ५, तांबं ३००, जस्त १०००, निकेल ५०, क्रोमियम ५० मिलिग्रॅम. क्रोमियमचा आकडा पाहून घाबरू नका, बेसॉल्टची साधी मातीही कधी कधी त्याच्या वर जाते. शिसं आणि कॅडमियम मात्र गांभीर्याने घ्या. पालक, मेथी, चुका अशा पालेभाज्या ज्वारीपेक्षा कितीतरी जास्त कॅडमियम ओढतात. शिसं मुळातून फारसं वर चढत नाही, पण पानांना चिकटलेल्या मातीतून पोटात जातं. शंकास्पद गाळावर भाजीपाला घेऊ नये. तो उद्यानात, शाळेच्या मैदानावर किंवा लहान मुलं मातीत खेळतात अशा जागी पसरू नये. शिसं कमी आहे असं तपासणीत दिसलं तरच विचार करावा.

तपासणी मागताना ग्रामपंचायतीने, महापालिकेने किंवा एखाद्या जागरूक गटाने एवढं तरी लेखी मागावं: नमुने कुठून घेतले त्याचा नकाशा, कोणत्या आम्लाने विरघळवले, प्रमाणित नमुन्याचा निकाल, आणि त्याच पाणलोटातल्या न बिघडलेल्या मातीचे आकडे. शेवटची मागणी ऐकून समोरचा माणूस बुचकळ्यात पडला तर त्याला बेसॉल्टचं सांगा.

आणि उपसा करायचाच असेल तर वेळ पाळा. एप्रिल-मे मध्ये काढलेला गाळ काठावर ढीग घालून ठेवला तर उन्हात त्यातले धातू मोकळे होतात, आणि पहिल्याच सरीला तो सगळा ऐवज पुन्हा तलावात वाहून जातो, आधीपेक्षा जास्त घातक रूपात. तो पाऊस येण्यापूर्वी हललेला असला पाहिजे, आणि तोवर त्याच्या उताराच्या बाजूला मुरमाचा एक आडवा बांध तरी.